गुणांचा हिशेब कुणासाठी?

दहावीचा निकाल लागला की आमच्या नगरमध्ये पेढ्यांच्या दुकानांपुढे गर्दी होते आणि चौकाचौकांत फ्लेक्स झळकू लागतात. त्या फ्लेक्सवर मुलाचे नाव बारीक अक्षरांत असते, त्याची टक्केवारी ठळक अक्षरांत असते आणि क्लासचे नाव त्याहूनही ठळक. मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला, तेही दुसऱ्या वर्गात. त्यामुळे या आकड्यांकडे मी जरा लांबूनच पाहतो. पण पाहता पाहता एक प्रश्न मनात येतो. मुलाच्या डोक्यातल्या विद्येला आकडा लावण्याची गरज पहिल्यांदा कुणाला भासली? मुलाला, त्याच्या आईबापाला, गुरुजींना की आणखी कुणाला?

या प्रश्नाचा माग काढत जुनी पाने चाळू लागलो, तर दोन वेळा माझ्याच गावाशी येऊन थांबलो. एकदा अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळेशी आणि एकदा भुईकोट किल्ल्याशी. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यात आमच्या तोंडी अजून ‘नगर’च येते. तेव्हा मी इथेही नगरच म्हणतो.

इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे शिक्षण नव्हते असे नाही. गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, मोडी शिकत आणि संध्याकाळी एका सुरात उजळणी म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. मशिदीच्या ओसरीवर मक्तब भरे. तिथे कालचा सबक पक्का झाल्याशिवाय आजचा सबक मिळत नसे आणि मागच्या साऱ्याची उजळणी म्हणजे ‘आमोख्ता’ रोज करावा लागे. या दोन्ही ठिकाणी पाठांतरावर भर होता, छडीही होती. पण गुणपत्रिका नव्हती. पावकी येते की नाही हे बाजारात कळे. चुकली तर खिशातला पैसा जाई. परीक्षक व्यवहार होता आणि तो कुणाची गय करीत नसे.

या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचे मात्र कारण नाही. त्या शाळांच्या ओसरीवर मुली नव्हत्या, महार-मांगांची मुले नव्हती. कुणबी, माळी, पिंजारी, तांबोळी यांची मुले आली तरी थोड्या दिवसांची पाहुणी. ज्यांना प्रवेशच नाही त्यांना गुण मिळाले काय आणि न मिळाले काय! म्हणून या कथेची खरी सुरुवात दार उघडण्यापासून होते, आणि ते दार उघडण्यात नगरचा वाटा मोठा आहे.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. मिशनच्या एक अविवाहित शिक्षिका, मिस सिंथिया फरार, १८२७ साली मुंबईत उतरल्या आणि १८३९ पासून नगरला राहून मुलींच्या शाळा चालवू लागल्या. १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले तेही नगरलाच. जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर नगरला आले आणि त्यांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या. तिथे मुली शिकत होत्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुण्याला परतल्यावर १८४८ मध्ये त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात फातिमा या सहकारी स्त्रीचे नाव येते. फातिमाची कोणतीही गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र आपल्यापर्यंत आलेले नाही. तिच्यावर कामाचा भार आहे, एवढीच काळजीची नोंद त्या पत्रात उरली. तरी तिच्या शिकण्याला आणि शिकवण्याला तेवढी साक्ष मला पुरेशी वाटते.

फुल्यांच्या शाळांमध्ये परीक्षा होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण परीक्षा म्हटले की नाक मुरडण्याची अलीकडे फॅशन आहे. १८५० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत पुण्यात या मुलींच्या परीक्षा उघडपणे, लोकांसमोर घेतल्या गेल्या. मुली वाचून दाखवीत, प्रश्नांची उत्तरे देत आणि ऐकायला गर्दी जमे. मुलींना अक्षर येणे शक्य नाही असे म्हणणाऱ्या गावाला, तिथे येऊन आपल्या कानांनी ऐकावे लागे. १८५५ मध्ये याच शाळांतली मांग समाजातली मुक्ता साळवे हिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. हे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाले ते आमच्या नगरमधूनच. शाळकरी वयाच्या त्या मुलीने धर्माच्या अधिकाऱ्यांना विचारलेले प्रश्न आज वाचले तरी अंगावर काटा येतो. त्या निबंधाला दहापैकी किती गुण द्यायचे? असा हिशेब करायला बसलो तर आपलेच हसे होईल. तिला शिकवलेले तिच्या दुःखाला जाऊन भिडले आणि त्याची भाषा झाले. शिक्षण झाले की नाही हे ओळखण्याची याहून चांगली खूण मला तरी माहीत नाही.

मग आकडा आला कुठून? तो आला खजिन्यातून.

इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली लागू झाली. सरकार शाळांना पैसा देते, तर त्या पैशाच्या बदल्यात माल किती निघतो हे मोजले पाहिजे, असा तिचा रोख होता. वर्षातून एकदा तपासनीस येई. वाचन, लेखन, गणित अशा एकेका विषयात एकेका मुलाला तपाशी. जितकी मुले पास, तितके पैसे शाळेला. नापास मुलामागचा पैसा कापला जाई. ‘निकालावर अनुदान’ असे या पद्धतीचे वर्णन करता येईल. त्याच दशकात ती आपल्या मुंबई इलाख्यातही आली.

परिणाम काय झाला, हे सांगायला तज्ज्ञ नको. गुरुजींची भाकरी मुलाच्या एका दिवसाच्या उत्तरावर टांगली गेली. मग वर्षभर त्या एकाच दिवसाची तालीम सुरू झाली. वाचनाचे पुस्तक मुले इतकी घोकत की पुस्तक उलटे धरले तरी वाचन सुलटे चालावे. तपासनीस जे विचारणार नाही ते शिकवणे हा तोट्याचा धंदा ठरला. मॅथ्यू आर्नल्ड हे इंग्रजीतले मोठे कवी पोटासाठी शाळा तपासनिसाची नोकरी करीत. त्यांनी आपल्याच खात्याच्या या नियमावलीला उघड विरोध केला. कवी व्यवहारात कच्चे असतात असे म्हणतात. इथे मात्र खजिनदाराला जे कळले नाही ते कवीला कळले.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. सरकारी परीक्षेचा हा हिशेबी आकडा पैसे देणाऱ्याच्या सोयीसाठी जन्मला. मुलाला काय समजले, कुठे अडले, उद्या काय शिकवावे, हे सांगण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. वजनकाट्याने ताप मोजता येत नाही, तसेच हे.

आता पुन्हा जोतीरावांकडे येऊ. १८८२ मध्ये सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ च्या तारखेचे एक निवेदन जोतीरावांनी त्याला सादर केले. खाली सही करताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली. हे निवेदन शिक्षणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावे असे आहे. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आरोप सर्वांना ठाऊक असतो. पण निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीबद्दल त्यांनी जे म्हटले, त्याची चर्चा फारशी होत नाही. खालच्या वर्गांत ही पद्धत चालणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्या घरांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथल्या मुलांना शिकवून निकालावर पोट भरणे कोणत्या शिक्षकाला जमेल? तो शिक्षक त्या वस्तीत फिरकणारच नाही. तिथे सरकारनेच शाळा काढाव्यात आणि खास उत्तेजन द्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

शिष्यवृत्त्यांबाबत तर ते आणखी खोल गेले. चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्ती देणे वरकरणी न्यायाचे दिसते हे त्यांनी मान्य केले. पण त्यामुळे ज्यांच्या घरात विद्या आधीच आहे त्यांनाच ती मिळते आणि इतरांत शिक्षण पसरत नाही, हेही दाखवून दिले. काही शिष्यवृत्त्या मागे राहिलेल्या वर्गांसाठी ठेवा, अशी मागणी त्यांनी केली. तपासणीबद्दलही त्यांनी लिहिले. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याने काय होणार? निदान तीन महिन्यांनी तरी या, आणि मधून मधून वर्दी न देता या. वर्दी देऊन आलेल्या साहेबाला शाळा दिसत नाही, तालीम दिसते. हे त्यांनी ओळखले होते.

हंटर आयोगाने ऐकले का? नाही. प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरवावे, अशीच त्याची शिफारस राहिली. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव केला, तेव्हा परीक्षांच्या अतिरेकावर टीका झाली आणि मग ही पद्धत मागे पडली. पैसा मोजण्याची पद्धत गेली, पण तिने लावलेली सवय राहिली. मुलाकडे आकडा म्हणून पाहण्याची ती सवय पुढे इतकी मुरली की ती परकी आहे हेही आपण विसरलो.

जोतीरावांच्या त्या निवेदनानंतर साठ वर्षांनी हा विषय पुन्हा नगरला आला, तो बेड्यांतून. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली. कार्यकारिणीच्या सदस्यांना रेल्वेने आणून आमच्या किल्ल्यात ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, आपले शंकरराव देव असे बारा जण. किल्ल्याचे खंदक, बुरूज आम्ही लहानपणापासून बाहेरून पाहत आलो. पण त्या भिंतींच्या आत पावणेतीन वर्षे जे चालले ते मला एखाद्या विद्यापीठासारखे वाटते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आपले सोबती म्हणजे भारताच्या नव्या-जुन्या विद्येचा एक नमुनाच होता, त्यांच्याशी झालेल्या चर्चांचा आपल्याला फार उपयोग झाला, असे त्यांनी प्रस्तावनेत कृतज्ञतेने नोंदवले आहे. एकाला संस्कृत येत होते, दुसऱ्याला फारसी, कुणाला इतिहास, कुणाला बौद्ध दर्शन. आज शिकवणारा उद्या शिकणारा होई. या वर्गात हजेरी सक्तीची होती, कारण दाराला कुलूप होते. पण परीक्षा नव्हती.

त्या वर्गातले मौलाना अबुल कलाम आझाद यांच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांच्या वडिलांचा पाश्चात्त्य शिक्षणावर विश्वास नव्हता, म्हणून ते घरीच जुन्या पद्धतीने शिकले. त्यांनी आपल्या आत्मकथनात या पद्धतीची एक गोष्ट सांगितली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. विद्यार्थी वयाच्या वीस ते पंचवीस वर्षांच्या सुमारास अभ्यासक्रम पुरा करीत. त्यातला शेवटचा भाग म्हणजे स्वतः इतरांना शिकवणे. आपण शिकलेले आपल्या हाती आले आहे, हे शिकवून सिद्ध करायचे. आझादांचा अभ्यास सोळाव्या वर्षीच संपला, तेव्हा वडिलांनी पंधराएक विद्यार्थी गोळा केले आणि या मुलाने त्यांना तत्त्वज्ञान, गणित आणि तर्कशास्त्र शिकवले. पदवीदान समारंभ असा झाला!

पण या जुन्या पद्धतीवर ते लट्टू नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सर सय्यद अहमद खान यांचे लेखन वाचल्यावर, आधुनिक विज्ञान आणि साहित्य शिकल्याशिवाय आपण खरे शिकलेले नाही, असे त्यांना वाटू लागले. म्हणून ते इंग्रजी शिकले. बायबलच्या इंग्रजी, फारसी आणि उर्दू प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि ताडून पाहत वाचले. मग शब्दकोश घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रे. हे कोणी सांगितले नव्हते आणि कोणी तपासणारही नव्हते. नगरच्या किल्ल्यात त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली. कैदेत असताना ती टपालात पडण्याची सोय नव्हती, तरी लिहिली. त्याच कैदेत १९४३ मध्ये पत्नीच्या निधनाची बातमी आली. तिकडे कलकत्त्यात कबर आणि इकडे किल्ल्यात पत्र. माणसाला आतून सावरणारी विद्या म्हणजे काय, हे ती पत्रे वाचताना कळते.

हा पदवी नसलेला माणूस १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला आणि १९५८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. त्यांच्याच काळात डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. या आयोगाने १९४९ मध्ये सांगितले की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल. पुढे माध्यमिक शिक्षणासाठी मुदलियार आयोग आला. त्याने १९५३ मध्ये बाहेरच्या परीक्षा कमी करा, मुलाची वर्षभराची नोंद ठेवा, गुणांऐवजी श्रेणी वापरा, असे सुचवले. म्हणजे ‘श्रेणी’ ही कल्पना नवी नाही. तिची सत्तरी उलटून गेली.

आता कुणी म्हणेल, मग मोडीत काढा की परीक्षा! मित्रहो, इथे मला थांबावेसे वाटते. मी मोहल्ल्यातला मुलगा आहे. आमच्या गल्लीतल्या पोरांना वशिला नव्हता, घरात पुस्तक नव्हते, आडनाव ऐकून जागा सोडणारे कुणी नव्हते. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव लिहीत नाहीत, बैठक क्रमांक लिहितात. त्या क्रमांकाला जात नसते, धर्म नसतो, मोहल्ला नसतो. आमच्यातली जी दोन-चार पोरे पुढे गेली ती त्या क्रमांकाच्या आधाराने. पुढे गुणांऐवजी ‘व्यक्तिमत्त्व’ पाहणाऱ्या मुलाखती आल्या, तेव्हा आमच्यातल्या हुशार पोरांचेही पाय लटपटले. आकडा आंधळा असतो हा त्याचा दोष आहे, आणि गरिबासाठी तोच त्याचा गुणही आहे. म्हणून परीक्षा नको म्हणणे हे ज्यांचे दुसऱ्या वाटेने भागते त्यांनाच परवडते. जोतीरावांनीही परीक्षा नको म्हटले नव्हते. परीक्षेचा आकडा कुणाच्या ताटात काय वाढतो, एवढे पाहा, असे त्यांचे म्हणणे होते.

मात्र या आकड्यावर विश्वास तरी किती ठेवायचा? आपल्या राज्याच्या दहावीचाच दाखला घ्या. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा घाट बदलला, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये अंतर्गत गुण परत दिले, कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नाही, आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. गावे तीच, शाळा त्याच, शिक्षक तेच. बदलली ती फूटपट्टी. एका वर्षात महाराष्ट्राची मुले मंद झाली आणि पुढच्या वर्षी एकदम हुशार झाली, असे तर कुणी म्हणणार नाही! दुसरीकडे ‘असर’ची पाहणी आहे. तिचे कार्यकर्ते वर्दी न देता मुलाच्या घरी जातात, दुसरीच्या पातळीचा एक उतारा पुढे ठेवतात आणि ‘वाच बाळ’ म्हणतात. देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना तो वाचता येत नाही, असे या पाहण्या सांगत आल्या आहेत. गुणपत्रिकांवर मात्र ही मुले पुढे पुढे सरकत असतात.

मला कधी कधी शाळांमध्ये कवितेवर बोलायला बोलावतात. एका गावात कवितेतल्या पावसाबद्दल बोलत होतो. मुले बाहेर बघत होती, बाहेर खरोखरच ढग आले होते. एक चुणचुणीत मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, रसग्रहण चार मार्कांना आहे. तुम्ही मुद्दे सांगा ना.” तिचा काही दोष नव्हता. तिला जे विचारले जाणार होते तेच ती मागत होती. मी मुद्दे सांगितले आणि मग विचारले, तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे? ती पाच मिनिटे बोलत होती. विहिरीने गाठलेला तळ, करपलेली बाजरी, चाऱ्याला महाग झालेली जनावरे, बाबांचे न बोलणे. इतकी नेमकी माणसे, इतके नेमके शब्द. कवितेचे रसग्रहण ते झाले, पण त्याला चौकट नव्हती, म्हणून गुणही नव्हते.

तेव्हा काय करावे? सोपा उपाय माझ्याकडे नाही, पण आमच्या नगरच्या वाटेने गेलेल्या थोरांनी तीन गोष्टी दाखवून ठेवल्या आहेत. शिकलेले ते दुसऱ्याला शिकवता आले पाहिजे, ही आझादांच्या मक्तबातली कसोटी आहे. नववीच्या मुलाने पाचवीच्या मुलाला अपूर्णांक शिकवावा, दोघांनाही कळतील. शाळेत वर्दी न देता या आणि वरचेवर या, हे जोतीरावांचे सांगणे आहे. शिक्षकाला धाक दाखवायला नको, मदतीला या. आणि तिसरी गोष्ट, आकड्याने दार उघडा पण कुणाचे दार बंद करू नका. ज्याचे गुण कमी आहेत त्याच्याकडे जास्त चांगला शिक्षक गेला पाहिजे. आज नेमके उलटे चालते.

निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटावेत. कष्टाचे कौतुक झालेच पाहिजे. पण मुलाला किती पडले हे विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारावा: या वर्षी तुला असे काय कळले, जे आधी कळत नव्हते? ते आम्हालाही जरा समजावून सांग. आणि मग आपण मोठ्यांनी गप्प बसून ऐकावे.